होडीची वाट

१२ फेब्रुवारी

चि. ढब्बूस,

आशीर्वाद शेवटी देईन. आधी भांडते.

फोन तू उचलत नाहीस. माझा नंबर दिसला की म्हणे मशीनच्या आवाजात ऐकू येत नाही. तुझ्या बायकोने उचलला तर ती "हो ताई, नाही ताई, सांगते ताई" करून ठेवून देते. त्या बिचारीचा दोष नाही, ती दोन दगडांवर पाय ठेवून उभी आहे. म्हणून शेवटी कागद घेतला. आपली घरं समोरासमोर, तुझ्या दोरीवर वाळणारा शर्ट मला इथून दिसतो, आणि हे पत्र मात्र टपालवाला अख्ख्या तळ्याला फेरी मारून तुझ्या हातात देणार. काखेत कळसा नि गावाला वळसा म्हणतात ते हेच. बाबांच्या होडीत बसलं की आईने सुरू केलेली गोष्ट संपायच्या आत आपण पलीकडे पोचायचो. आता बाबा नाहीत, होडी तुझ्या अंगणात पालथी पडली आहे आणि मध्ये ही जलपर्णी. नाव कोणी ठेवलं कोण जाणे! ऐकायला एखाद्या गुणी मुलीचं वाटतं.

मुद्द्यावर येते. पाणीखात्याचा कागद आलाय की पुढच्या महिन्यात तुझं कापणीचं मशीन होडीची वाट मोकळी करायला येणार आणि कापलेला सगळा पाला माझ्या उतारावर उतरवणार. ट्रॅक्टर पाण्यापर्यंत जाईल असा उतार फक्त माझ्याच बाजूला आहे, हे मलाही कळतं. पण ढब्बू, त्या उताराखालच्या कोपऱ्यात माझे भुंगे आहेत. हसशील तू. हसून घे. धान्यात सोंडे पडतात ना, त्यांचे हे चुलतभाऊ. पण जलपर्णीशिवाय दुसरं काही खाणार नाहीत, उपाशी मरतील पण गवताला तोंड लावणार नाहीत. शेडमधल्या टाक्यांत मी ते वाढवले, एकेका पानावर नेऊन सोडले, थंडीत निम्मे मेले, पुन्हा सोडले. आता कुठे अळ्या देठात शिरून आतून पोखरायला लागल्या आहेत. कोपरा तपकिरी पडतोय. हे काम मला दिलेले खात्याचे साहेब येऊन बघून गेले, म्हणाले, बाई, अजून एक उन्हाळा द्या ह्यांना. तू मशीन घातलंस तर पाल्याबरोबर भुंगे, अळ्या सगळे ट्रॅक्टरमध्ये जाणार, आणि मशीनच्या पट्ट्यावरून गळालेला तुकडा न् तुकडा पुन्हा रुजणार.

हेच मी त्या सभेत चारचौघांत बोलले म्हणून तू अबोला धरलास. खोटं बोलले का मी? "मशीन कसलं, तण पेरायची पाभर आहे ती," हे जरा जास्त झालं, मान्य. पण लोक हसले त्याला मी काय करू? त्यावरून "माझ्या घरात पाऊल ठेवू नकोस" म्हणायचं काय कारण होतं? सख्ख्या बहिणीला! बरं, नाही ठेवत.

आता आईचं. ती रोज संध्याकाळी तुमच्या काठावर येऊन उभी राहते. मला तिची निळी शाल दिसते. खात्याने मला दुर्बीण दिली आहे ती तपकिरी पानं कुठवर गेली ते बघायला, मी तिच्यातून आई बघते. एवढा वेळ उभी राहून करते काय ती? पाय सुजतात तिचे. निदान एक खुर्ची तरी टाका. मला हाक मारत असली तर ऐकू येत नाही.

आशीर्वाद. भावजयबाईंनाही.

ताई


२३ फेब्रुवारी

चि. ढब्बूस,

तुझं पत्र मिळालं. पत्र कसलं, चार ओळी. शाळेतसुद्धा तुझा निबंध मास्तरांनी वाचायला घेईपर्यंत संपलेला असायचा. "आई म्हणते तळं आटलं, कुरण झालं, आता लेकीकडे चालतच जाते. मी धरून आत आणतो. तू हरकत घेऊ नकोस. वाट मोकळी झाली की होडीने तिला तुझ्याकडे आणून सोडतो." बस. खाली सहीसुद्धा नाही.

वाचलं, आणि मी ओट्याशी जाऊन रडले. "लेकीकडे जाते" म्हणाली! बाबा गेल्यावर तूच सांगायचास ना, ती सगळ्यांना सारखीच विसरते आहे, तू मनाला लावून घेऊ नकोस म्हणून? बघ. तुझ्या घरात राहते, तुझ्या हातचं खाते, आणि आठवण येते ती माझी. तुला टोमणा मारत नाही. म्हणजे मारते आहे थोडा. इतकी वर्षं मला वाटत होतं मीच पुसली गेले.

पण मग दुपारी डोकं शांत झालं आणि संताप आला. हे काय चालवलंयस तू? आई हवी तर भुंगे सोड, असं? आमिष दाखवतोस मला? ढब्बू, तुला मी अंगाखांद्यावर खेळवलंय, माझ्याशी हे डाव नको. साहेबांना सांगून मी हरकत घेतली आहे आणि ती मागे घेणार नाही. एक उन्हाळा मागते आहे फक्त. हा कोपरा एकदा बसला की भुंगे आपल्या पायांनी पुढे सरकतील, वाट मोकळी होईल आणि मोकळी राहील. तू मोकळी केलेली वाट वारा फिरला की पुन्हा बुजते. पंपघरासमोरचं काय झालं ते तूच बघितलंस.

रस्त्याने आण म्हणावं, तर तेही नको. मागच्या खेपेला तिने चालत्या गाडीचं दार उघडलं होतं ते आठवलं की माझ्या अंगावर अजून काटा येतो.

तोवर तिला जप. काठाला कुंपण घाल. तुमच्या बाजूची जलपर्णी जुनी आहे, तिच्यावर गवत उगवलंय, लव्हाळे आलेत. शहाण्यासुरत्या माणसाला ते कुरण वाटतं, मग तिला का नाही वाटणार? आणि तिचं वजन ते किती! ते तिला सुरुवातीला तोलून धरेल, हीच भीती आहे. पहिल्याच पावलाला पाय ओला झाला असता तर ती मागे फिरली असती. बाबांची बायको आहे ती, पाण्याची अदब तिला आपल्याहून जास्त. पण तिला पाणी दिसतच नाही, बिचारी काय करेल.

कुंपण घाल, ऐक माझं.

ताई


६ मार्च

चि. ढब्बूस,

हरकत मान्य झाली. तुझं मशीन पंपघराकडेच राहणार, हे तुला माझ्या आधी कळलं असेलच. मी काही पेढे वाटले नाहीत, पण वाईट वाटलं असं खोटंही सांगणार नाही. कोपरा आता अर्ध्या वाटेपर्यंत तपकिरी झालाय. परवा साहेबांनी कुणा पाहुण्यांना आणून दाखवला. मी पान उलटून त्यावरचे भुंग्यांनी कुरतडल्याचे डाग दाखवले, देठ मोडून आतली पोकळी दाखवली. पाहुणे म्हणाले, "एवढासा किडा!" मला इतकं बरं वाटलं की मी त्यांना दोनदा चहा केला.

आणि मग घरी येऊन दुर्बीण लावली, तर काठावर आई नाही. आदल्या दिवशीही नव्हती. त्याच्या आदल्या दिवशीही नाही.

भावजयबाईंना फोन केला. आधी "बरी आहेत ताई, झोपल्यात ताई." मी म्हटलं, संध्याकाळी कसली झोप? खरं सांग. मग ती रडायलाच लागली. "बाहेरून कडी लावतो आम्ही ताई. हे कामावर, मी स्वयंपाकात, डोळा चुकवून जातात त्या."

कडी! आईला कोंडलंस तू? ढब्बू, लाज नाही वाटत? लहानपणी तू आजारी पडलास तेव्हा दार उघडं टाकून बसायची ती, बंद खोलीत तुला गुदमरेल म्हणून. बंद दार तिला कधीच सोसलं नाही. आणि तू तिला गुरासारखी... माझ्यावरचा राग तिच्यावर काढतोस? मी कुंपण घाल म्हटलं होतं, कडी घाल म्हटलं नव्हतं. कुंपणाला मजूर मिळत नाहीत म्हणे! मशीन चालवणाऱ्याला चार खांब पुरता येत नाहीत? नाचता येईना अंगण वाकडं.

ती कडी आजच्या आज काढ. नाही काढलीस तर मी पोलिसात जाईन, मग लोक काय म्हणतील ते तू बघ. मी करून दाखवेन, तुला माझा स्वभाव माहीत आहे.

ताई


१९ मार्च

ढब्बू,

काल तू आलास आणि गेलास. "कुठे सापडली?" एवढंच विचारलंस, आणि मी चहा ठेवायला उठले. आता लिहिते. तुला सगळं कळायला हवं.

तुझं ते कार्ड मला परवा मिळालं होतं. "कडी काढली. झालं समाधान?" मी ते शेडमध्ये टाक्यांच्या वर खोचून ठेवलं होतं, तुला उत्तर काय द्यायचं त्याचा विचार करत. चांगलं झणझणीत उत्तर जुळवत होते मनात.

दुपारच्या चहाच्या वेळी टाक्यांतलं पाणी बदललं आणि सवयीने दुर्बीण लावली. शाल काठावर दिसली नाही. मग दिसली, पण काठाच्या अलीकडे. तळ्यावर. ढब्बू, ती चालत होती. कपडे घोट्यापर्यंत उचलून धरलेले, हातात पिशवी, आणि इकडेतिकडे न बघता सरळ माझ्या घराकडे तोंड. गवतातून बाजाराला निघालेली बाई जशी चालेल तशी. मी किंचाळले. ओरडायला नको होतं. तिने मान वर केली, मला हात केला आणि पावलं भराभर टाकायला लागली.

माझ्याकडे दोन फळ्या असतात. डाग मोजायला मला आतपर्यंत जावं लागतं, तेव्हा एका फळीवर पालथं पडायचं, दुसरी पुढे सरकवायची, तिच्यावर जायचं, मग मागची ओढून पुढे घ्यायची. ह्या कामात घाई चालत नाही, घाई केली की फळी तिरकी होते आणि माणूस आत. रोज मी ते गाणं गुणगुणत करते. काल मी जलपर्णीला, तुला, साहेबांना, स्वतःला, सगळ्यांना शिव्या देत सरकत होते आणि डोकं वर करून बघायची हिंमत होत नव्हती.

एकदा बघितलं तर ती मध्याच्याही अलीकडे आली होती. म्हणजे चांगली, जाड, हिरवी जलपर्णी संपून माझी तपकिरी सुरू होते तिथे. हे मी तुझ्यापासून लपवणार नाही. तुझ्या बाजूने तिला तोलून धरलं. माझ्या बाजूने सोडलं. देठ आतून पोकळ, पानं कुजलेली, भुंग्यांनी आपलं काम चोख केलं होतं. पहिल्या पावलाला ती गुडघ्यापर्यंत गेली, दुसऱ्याला छातीपर्यंत. मुळांच्या गुंत्यात अडकली म्हणून तेवढ्यावर राहिली. पिशवी मात्र डोक्यावर धरलेली होती.

मी पोचले तेव्हा ती घाबरलेली नव्हती. वैतागलेली होती.

"बाई, जरा हात द्या," म्हणाली. "रस्ता किती ओला ठेवलाय ह्यांनी."

"आई, हलू नकोस."

"हलत नाहीये. तुम्ही कुठल्या?"

"इथलीच. माझी मान धर. घट्ट."

"मला लेकीकडे जायचंय हो. ते समोरचं घर. पत्र्याची शेड आहे बघा बाजूला."

"आई, अगं मीच ती."

तिने माझ्याकडे नीट निरखून बघितलं आणि म्हणाली, "छे! ती बारीक आहे."

ढब्बू, त्या चिखलात मला हसू फुटलं, आणि हसता हसता हात सुटला असता. तिला फळीवर ओढलं, पालथं झोपवलं आणि मी पाण्यात राहून फळी ढकलत आणली. कशी आणली ते मला खरंच आठवत नाही. काठाशी माझी किंकाळी ऐकून धावत आलेला एक ट्रॅक्टरवाला दोर घेऊन उभा होता, त्याने दोघींना ओढून घेतलं. माझी बाजू जवळ होती म्हणून इकडे आणलं, दुसरं काही कारण नाही. डॉक्टर म्हणाले छातीत पाणी नाही, पण गारठली आहे, हलवू नका.

तू आलास, तिचे पाय चोळत बसलास. मी चहा ठेवला. जाताना दाराशी थांबून तू म्हणालास, "कडी तू सांगितलीस म्हणून काढली." आणि मग म्हणालास, "आता ठेव तुझ्याकडेच." चहा तसाच राहिला.

बरोबर बोललास. मी सांगितलं म्हणून काढलीस. मनात जुळवलेलं ते झणझणीत उत्तर मी खोडून टाकलं.

ताई


३ एप्रिल

चि. ढब्बूस,

आईचा खोकला कमी आहे. दूध घेते, बिस्किट बुडवून खाते. पायावरचं खरचटलेलं भरत आलं. हे आधी, म्हणजे तुला पुढचं नीट वाचता येईल.

पहिले काही दिवस मी खूश होते. तुला राग येईल, पण होते. आई माझ्या घरात, माझ्या गादीवर. तिचे केस विंचरले, नखं काढली, शेजारपाजारच्यांना बोलावून आणून दाखवली. "माझ्याकडे चालत आली हो," असं एकीला सांगितलंसुद्धा मी. माझी मला आता शरम वाटते.

मग ती उठून हिंडायला लागली. पहिल्याच संध्याकाळी खिडकीशी जाऊन उभी राहिली आणि तळ्याकडे बघत बसली. मी विचारलं, काय बघतेस? तर म्हणाली, "माझी लेक पलीकडे राहते. मला तिकडे सोडता का?" आणि बोट कुठे केलं माहीत आहे? तुझ्या घराकडे. तिथे दिवा लागला तशी म्हणते, "ती बघा, आली कामावरून."

मी तिच्यासमोर जमिनीवर बसले. म्हटलं, आई, मी आहे ना ही. तिने माझा गाल कुरवाळला. म्हणाली, "हो हो. तुम्ही फार चांगल्या आहात."

ढब्बू, आई मला "तुम्ही" म्हणते. उठता बसता अहो-जाहो करते. चहा दिला की "कशाला त्रास घेतलात?" जन्मभर त्या बाईने मला कधी सरळ हाक मारली नाही, अगं, कार्टे, भवाने, मेले, ह्याशिवाय बोलली नाही, आणि आता माझ्याच घरात पाहुणीसारखी पाय पोटाशी घेऊन बसते. तिने मला एक शिवी द्यावी म्हणून मी मुद्दाम दूध उतू घालवलं. "असू द्या," म्हणाली.

मग न राहवून भावजयबाईंना फोन केला आणि विचारलं, आई तुमच्याकडे कशी होती? ती आधी काही सांगेना. मग म्हणाली, "ताई, ह्यांना त्या होडीवाले म्हणायच्या. रोज कामावरून आले की, अहो होडीवाले, पलीकडे सोडता का? आणि हे म्हणायचे, वारा पडला की सोडतो."

हे तू मला कधी लिहिलं नाहीस. मी इकडे बसून तुला टोमणे मारत होते की आठवण येते ती माझी, आणि तू मूग गिळून होतास. माझ्या तोंडावर मारायचं होतंस ना. चार ओळींत पाचवी ओळ जड झाली?

आणखी एक. परवा मी कडी लावली. हो, मी. बाहेरून. मला टाक्यांकडे जायचं होतं आणि ती दोनदा उताराकडे निघाली होती. कडी लावून चार पावलं गेले तर आतून तिचा आवाज आला, हळू, कुणाला त्रास नको अशा आवाजात, "बाई, दार अडकलंय का हो?" मी परत जाऊन उघडलं. तू हे रोज ऐकत असणार. तुला मी पोलिसांची धमकी दिली. माफ कर म्हणत नाही, तो शब्द आपल्या दोघांत फार पाहुण्यासारखा वाटतो. पण मी चुकले.

आता नीट वाच, हे कामाचं आहे.

टाक्यांना पाणी घ्यायला मी उताराखाली दाताळ्याने थोडी जागा मोकळी करते, दाराएवढी. काल मी दाताळं धुवत होते आणि ती माझ्या मागून घराबाहेर पडून खाली आली. मी वळले तोवर ती काठावर पोचलीही होती. मी धावले. पण ती आपली आपण थांबली होती. समोर पाणी होतं ना. पाण्याकडे बघितलं, पिशवी खाली ठेवली, दगडावर बसली आणि पलीकडे तोंड करून बाबांना हाक मारली, "अहो, येताय ना?" आणि मग वाट बघत बसली. निवांत. चेहऱ्यावर काही काळजी नाही. तिचा हात धरून आज पुन्हा नेली. जिथे हिरवं आहे तिथे पाऊल उचलते, जिथे पाणी आहे तिथे बसते. तिला कुंपण नको, कडी नको. तिला फक्त पाणी दिसायला हवं.

मी हरकत मागे घेतली. साहेब तडकले. दोन वर्षांचं काम पाण्यात, बाई, म्हणाले. मी म्हटलं, साहेब, पाण्यातच जायला हवंय. ते काही हसले नाहीत. भुंगे जितके वेचता येतील तितके मी टाक्यांत घेतले आहेत, ते दुसऱ्या एखाद्या तळ्यात नेऊन सोडतील. तिथे कुणाची आई काठावर उभी राहत नसावी. कोपऱ्याकडे मी आता पाठ करून काम करते, ते तुला सांगू नये असं ठरवलं होतं, पण करते.

तर मशीन घेऊन ये. माझ्या उतारापासून सुरुवात कर, माझ्या कोपऱ्यातून सरळ आत घे, आणि तुझ्या काठापर्यंत जा. दोन्ही काठ स्वच्छ हवेत, कारण ती कुठल्या घरी असेल ते आपल्याला ठरवायचं आहे अजून. तुकडे गळतील, रुजतील, वारा फिरला की वाट बुजेल, हे मला तुझ्याहून चांगलं माहीत आहे. बुजली तर रोज उठून मी इकडून ओढेन, तू तिकडून ओढ.

आणि माझं एक मागणं आहे. वाट मोकळी झाली की पहिल्या फेरीला आईला होडीत घालू नकोस. भावजयबाईंना रस्त्याने इकडे पाठव, त्या आईला घेऊन उतारावर बसतील. मी रस्त्याने तुझ्याकडे येते. तू बोलाव, नको बोलावूस, मी तुझ्या दारात उभी राहणार आहे, हाकललंस तर पायरीवर बसेन. बाबांची होडी सुलटी कर, फटी बुजव, आणि तुझ्या काठावरून मला तिच्यात बसव. वल्हं तू मार.

तिची लेक पलीकडे राहते. तर लेकीने पलीकडूनच यायला हवं ना, ढब्बू? ओळखेलच असं नाही. मी आता बारीक राहिलेले नाही. पण होडीतून उतरताना ती मला एकदा तरी अगं म्हणाली, मेले एवढा उशीर का केलास म्हणून चारचौघांत ओरडली, तरी मला चालेल.

ताई